चांगुणी

आमच्या तळवलीच्या चाळीत गोजराबाईंशी भांडायची कुणाची टाप नाही. पण त्यांच्याकडे शेवंतीचा फुटवा मागून बघा, बाई एकदम लोण्यासारख्या मऊ होतात. दारातल्या पत्र्याच्या डब्यांत त्यांची पिवळी, मधोमध तांबूस झाक असलेली शेवंती असते. तिचं नाव चांगुणी.

साताऱ्याकडचं त्यांचं गाव धरणात गेलं तेव्हा सगळ्यांनी भांडीकुंडी उचलली. गोजराबाईंची आई चांगुणा मात्र परसातली शेवंती घमेल्यात घालून डोक्यावरून घेऊन निघाली. लोक हसले, नवऱ्यानं शिव्या घातल्या. नव्या वसाहतीत साधी तुळस जगेना, तिथं ही फुलली आणि दसऱ्याला घरोघरच्या तोरणांत हिचीच फुलं लागली. हसणारेच मग ‘चांगुणेची शेवंती’ म्हणायला लागले, पुढे नुसतं चांगुणी. म्हातारीचा एक फोटो नाही, तिचं घर पाण्याखाली. उरलं ते एवढं नाव.

म्हणून बाईंचा नियम कडक. फुटवा विकायचा नाही, ओटीत घालायचा. घेणाऱ्यानं तीनदा नाव घ्यायचं आणि पुढे ज्याला देईल त्याच्याकडूनही घ्यायला लावायचं. मला मधेच हसू फुटलं तर माझा फुटवा त्यांनी परत मागितला होता!

नियम त्यांनी एकदाच मोडला. बहीण लवकर गेली, तिचा अंकुश यांनीच वाढवला. त्यानं खारघरला नर्सरी काढली तेव्हा चार भरलेले डबे स्वतः नेऊन दिले. नाव घ्यायला लावलं नाही.

“आजीचं नाव नातवाला काय शिकवायचं?” म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात मला सोबत घेऊन त्या नर्सरी बघायला गेल्या. फाटकापासूनच चांगुणीच्या कुंड्यांची रांग. प्रत्येक कुंडीवर छापील चिठ्ठी. बाईंना वाचता येत नाही.

“काय लिवलंय?”

“राजलक्ष्मी गोल्ड,” मी वाचलं. खोटं सांगायला हवं होतं, पण सुचलं नाही. राजलक्ष्मी ही अंकुशची बायको.

“मावशी, टेन्शन नको घेऊस,” अंकुश हसत म्हणाला. “सोसायटीवाल्यांना चांगुणी-बिंगुणी गावठी वाटतं.”

“तुजी आजी हाय ती.”

“मी कुठं बघितलीय तिला?”

तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं विचारलं, ही शेवंती कुठली. मावशीच्या देखत तो म्हणाला, “बंगळूरची.” कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हाच. ती कुंडी त्याच्या डोक्यात घालावी असं मला वाटलं. बाई मात्र सरळ बाहेर पडल्या.

बसस्टॉपवर आल्यावर म्हणाल्या, “आई गेली तवा मी रडले न्हाय. म्हनलं, नाव तर हाय. आज गेली बगा ती.”

आणि बाकावर बसून मोठ्यानं रडल्या.