एकेक पान हलवणाऱ्या निर्मलाताई

निर्मलाताईंची आणि माझी ओळख झाली ती गरजेपोटी. माझ्या मुलीला, इराला, थॅलेसेमिया आहे. तिला नेमाने रक्त चढवावं लागतं, आणि तेही बी निगेटिव्ह, म्हणजे शोधाशोध ठरलेलीच. कल्याणच्या आमच्या रक्तदाता मंडळाच्या कार्यालयात मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा वर्तकनगरहून रोज येणाऱ्या ताई संगणकासमोर बसल्या होत्या. त्यांनी आधी दाता मिळवून दिला, मग माझा व्यवसाय विचारला. "वेबसाइटी बनवता? मग उभे काय असे? बसा इथे!" असा मी मंडळात आलो, तो आलोच.

मंडळाची वेबसाइट ताईंनी नोकरी सांभाळून, फार वर्षांपूर्वी एकहाती उभी केली होती. आता मोबाइलवर ती धड उघडत नसे आणि तिच्या कोडला हात लावायला कुणी धजत नसे. सगळी एकदम मोडून नव्या फ्रेमवर्कवर बांधू, महिनाभर बंद राहिली तर राहिली, असं कार्यकारिणीचं जवळजवळ ठरलं होतं. ताई एरवी मृदू बोलणाऱ्या, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. "अहो, पेशंट काय महिनाभर थांबणारेत? एकेक पान हलवू. नवं नीट चालेपर्यंत जुनं बंद करायचं नाही."

मग शिबिरांची माहिती, छायाचित्रं, दात्यांची नोंदणी अशी पानं सावकाश नव्या साइटवर गेली. प्रत्येक पान ताई आधी एखाद्या दात्याला किंवा पालकाला वापरायला लावत आणि स्वतः हात पाठीमागे बांधून उभ्या राहत. तो अडला, तर चूक आपली. आम्हा प्रोग्रॅमर मंडळींचा अहंकार त्या खोलीत रोज थोडा थोडा उतरत असे.

शेवटी आलं दाता शोधण्याचं पान. नुकतंच रक्त दिलेल्यांना काही महिने पुन्हा देता येत नाही, म्हणून त्यांची नावं ते आपोआप गाळणार होतं. ते सुरू झालं त्याच आठवड्यात इराचं हिमोग्लोबिन घसरलं आणि रक्तपेढीत तिच्या गटाचं रक्त नव्हतं. नव्या पानावर शोधलं, तर 'एकही दाता उपलब्ध नाही'. मी लगेच ताईंना फोन लावला.

"घाबरू नका हो. जुनं पान उघडा, मी ते चालूच ठेवलंय."

तिथे नावं होती. विठ्ठलवाडीचे एक गृहस्थ हातातलं काम टाकून आले आणि इराला वेळेत रक्त मिळालं.

घोळ नंतर उलगडला. आमचे जुने दाते रक्त दिल्याची तारीख साइटवर कधी भरतच नाहीत. ते ताईंना फोन करून सांगतात, "ताई, देऊन आलो बरं का!" तारखेची जागा रिकामी दिसली की नवं पान त्या माणसाला गाळत होतं. ताईंनी कुणालाही बोल लावला नाही. पान दुरुस्त करून घेतलं, एकेका दात्याला स्वतः फोन करून तारखा भरल्या आणि वर घरच्यांची ख्यालीखुशालीही विचारली. त्यांचे हे उपकार मी कसे फेडणार?

जुनं पान बंद करायची वेळ आली, तेव्हा ताईंनी इराला बोलावून घेतलं. तिने नव्या पानावर आपला रक्तगट शोधला, नावं वाचली आणि मान डोलावली. त्यानंतरच ताईंनी जुनं पान बंद केलं.

यंदा ताई साठ वर्षांच्या झाल्या. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, असं मी मनापासून मागतो. यात माझा स्वार्थ आहे, हेही कबूल करतो. इराला अजून खूप वर्षं जगायचंय, आणि तोवर ताई आम्हाला हव्या आहेत.