थांबवलेला रस

हैदराबादेत, कुकटपल्लीच्या त्या ओतकाम कारखान्यात भगवंतरावांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. उभी हयात भट्टीपुढे गेलेली. आपण ओतलेला तवा कधी तडकला नाही, हे त्यांनी स्वतःच इतक्यांना ऐकवलं होतं की आता ते खोटं ठरून चालणार नव्हतं.

त्यात पुण्याहून व्याही आले, अनिलराव. काम संगणकातलं, पण माणूस चौकस. सुनेच्या वडिलांपुढे आपलंही नाणं खणखणीत वाजावं, ही भगवंतरावांची जुनी हौस. लोखंडाचा रस लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या मोठ्या पळीत, उतरला, ओतणाऱ्या यादगिरीनं त्यात भुकटी टाकली आणि भगवंतरावांना चेव चढला.

"दिसतो पाण्यासारखा, पण आत कार्बनचे बारीक पुंजके असतात, बरं का. गोठताना त्यांच्यावरच ग्रॅफाइट धरतं. या भुकटीनं ते वाढतात. मात्र लगेच ओतायचं. थांबलात की पुंजके विरतात, मग लोखंड गोठतं पांढरं, काचेसारखं ठिसूळ."

"साब, टैम हो रा. डालूं?" यादगिरीनं विचारलं.

"रुक जरा," म्हणत भगवंतरावांनी व्याह्यांसोबत फोटो काढून घेतला, मग आणखी एक, आणि पुन्हा बोलत सुटले. काय म्हणावं या माणसाला! थांबू नये हे सांगायलाच गडी थांबून राहिला.

मग कुठे रस साच्यात ओतला गेला. चहापाणी उरकेतो तवे निवून साच्यातून निघाले. एखादा पाहुण्यांना भेट द्यावा म्हणून कारखान्याच्या मालकानं, शेठनं, उचलला, कडेवर हातोडीनं हलकेच वाजवला. तुकडाच पडला. आतून पांढराफटक.

"किसने डाला ये?" शेठ कडाडला.

भगवंतरावांनी तोंड उघडलं. शेजारी व्याही उभे होते. तोंड मिटलं.

यादगिरीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पाहुण्यांकडे. "मेरी गलती सेठ. मैंच देर करा."

शेठनं त्याला सगळ्यांदेखत नाही नाही ते सुनावलं. म्हातारा माणूस, मान खाली घालून ऐकत राहिला. भगवंतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना अनिलराव गाडीत शेजारी बसले. मग हळूच म्हणाले, "तुम्ही त्याला थांब म्हणालात, ते मी ऐकलं होतं. तुमचा मान राहावा म्हणून मीही गप्प बसलो."