होडीची पुढची तार

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे, आक्काचे, मालक, साठी उलटल्यावर शिडाची होडी चालवायला शिकले. त्यांची जमीन शिरूर तालुक्यात, घोड धरणाच्या पाण्याला लागून. मी दौंडचा, रेल्वेतला निवृत्त फिटर. पुण्याजवळच्या एका तलावावरच्या क्लबानं जुन्या होड्या विकायला काढल्या, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून त्यातली एक आणली. फायबरची, लहानशी, पण चांगल्या बांध्याची. गाव पोटभर हसलं. दाजी मात्र महिन्याभरात वारा कुठून फिरतोय ते गालावर ओळखायला लागले.

असल्या होडीची डोलकाठी तीन पोलादी तारांवर उभी असते. दोन दोन्ही बाजूंना, एक पुढं नाकाकडं. पुढची तुटली की काठी मागं कोसळते, आणि मागं सुकाणू धरून माणूस बसलेला असतो. तारा, ताण, पिना हे सगळं माझं खातं. दाजी म्हणायचे, "तू बघितलंस न्हवं? मग मी कशाला बघू?"

उन्हाळ्याच्या तोंडाला एकदा होडी पुसताना पुढच्या तारेपाशी बोटात काहीतरी टोचलं. खाली जिथं तार नळीत दाबून बसवलेली असते, तिथले पिळलेल्या तारेचे तीन बारीक पेड तुटून उभे राहिले होते. रेल्वेत असली तार मी त्याच मिनिटाला बाजूला काढली असती, आणि कुणी वापरायला काढली असती तर त्याला सगळ्यांसमोर झापलं असतं. पण नवी तार मुंबईहून मागवायची म्हणजे महिनाभर होडी बंद, आणि वाऱ्याचे दिवस तर तेच. मी खिशातून काळी टेप काढली आणि त्या जागी चार वेढे दिले. दाजी पलीकडं शीड उलगडत होते. त्यांना काही बोललो नाही.

पंधरा दिवसांनी ते एकटेच पाण्यात होते. मी काठावर. झुळूक एकदम वाढली, आवाज झाला टण्णकन, आणि काठी त्यांच्या अंगावर आडवी झाली. मासे धरणाऱ्यांची नाव जवळ होती म्हणून बरं. त्यांनी ओढून आणलं. डाव्या हासळीचं हाड मोडलं होतं. भाच्यानं त्यांना जीपमध्ये घालून शिरूरला नेलं.

"मी होडी वर ओढून येतो," असं सांगून मी मागं राहिलो. होडी ओढलीही. पण आधी पुढचा तुटका तुकडा काढला. त्या दिवशी पुढची पिन, तार होडीच्या नाकावरच्या पट्टीला अडकवणारी, दोन पायांची, दाजींनी लावली होती, आणि तिचे पाय इतके घट्ट वाकवले होते की हातानं सरळ होईनात. शेवटी पट्टीचे स्क्रू काढून पट्टी, पिन आणि तारेचा तुकडा, सगळं एकत्रच पिशवीत टाकलं.

दवाखान्यात दाजी छताकडं बघत पडले होते. मला बघून म्हणाले, "पिन ऱ्हायली रं माज्याकडनं. लावल्यागत वाटतंय, पन ऱ्हायलीच असंल. तू बसला असतास तर तुज्या अंगावर आली असती."

मी म्हणालो, "असू द्या दाजी. होतं असं."

म्हणजे वर मीच त्यांना माफ केलं.

हाड जुळलं. पण घरात सगळ्यांनी एकच धरलं, की दाजींना आता इसर पडायला लागला. आक्कानं ट्रॅक्टरची चावी काढून घेतली. भाचा म्हणायला लागला, "आबा, तुम्ही ऱ्हाऊ द्या, मी बघतो." डॉक्टरनं वयाच्या मानानं सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं, तरी कुणाचा विश्वास बसेना. दाजींचाही नाही. विहिरीवरची मोटर बंद केलीय का हे बघायला ते अर्ध्या वाटेतून माघारी जायचे. एकदा मला फोन करून विचारलं, "मी काल तुला फोन केल्ता का?" केला नव्हता. मी "न्हाई दाजी" म्हणालो आणि फोन ठेवला. तेव्हा सांगता आलं असतं. त्याच्या आधीही, नंतरही. प्रत्येक वेळी उशीर आणखी वाढलेला असायचा, आणि तोच गप्प बसायला कारण व्हायचा.

दिवाळीनंतर मी म्हणालो, तिन्ही तारा नव्या घालू. पुढच्या तारेचं माप मी दौंडलाच काढून चिठ्ठीवर लिहून नेलं होतं. दाजी गोठ्यापुढं बाजेवर बसले होते, हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता. चिठ्ठी बघून म्हणाले, "कागदाचं माप नको. जुनी तार ताणून नवी तिच्याशेजारी धरायची, आसं तूच शिकावलंस. खालचा तुकडा कुठाय?"

तो माझ्यासोबतच्या पिशवीत होता. टेप मी सोडवली होती आणि तिचा डिंक रॉकेलनं पुसून काढला होता. तुकडा बाहेर काढून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो फिरवून बघितला. मग डोळ्यांजवळ नेला.

"आरं, पिन तर हितंच हाय की!" त्यांनी अंगठा तिच्या पायांवरून फिरवला. "ह्ये मीच वाकवल्यात. दोनी पाय उलट्या अंगाला. म्हंजी मी इसरलो न्हवतो!"

ते हसले. सात-आठ महिन्यांत त्यांना असं हसताना मी बघितलं नव्हतं. आक्काला हाक मारायला उठायलाही लागले. मी त्यांचा हात धरून खाली बसवलं.

"दाजी, तार तुटलेली मला आधी दिसली होती. मी टेप लावली. आन् हा तुकडा त्याच दिवशी मी काढून नेला."

त्यांचं हसू लगेच गेलं नाही. हळूहळू गेलं.

"त्याच दिशी?"

"व्हय."

"मी जीपमधी असताना?"

मी मान हलवली. त्यांनी तुकडा बाजेवर ठेवला. शिवी देतील असं वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं.

"हाडाचं काय न्हाई," ते शेवटी म्हणाले. "हाड जुळतं. पन मी याडा व्हायला लागलो म्हून राती भ्यायचो रं." मग बाजेवरून उठले. "मला सांगितलंस तसं तिला सांग. मी सांगनार न्हाई."

आक्का मागच्या दारी शेंगा निवडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ती शेंगा निवडतच राहिली, हात थांबला नाही.

"मी त्यांना लेकरागत वागवलं," ती म्हणाली. "चारचौघांत हातातलं काढून घेतलं. ते माज्या तोंडाकडं बघून गप बसायचे. ह्ये तू बघत हुतास."

मग तिनं चहा केला. पाहुण्याला देतात तसा मला तो ट्रेमधून आला, कपबशीत, बिस्किटांसह. त्या घरात मी आयुष्यभर चुलीपुढं बसून पितळीतून चहा प्यायलो होतो.

तारा डिसेंबरात बसल्या. दाजींनी मला काम करू दिलं, पण प्रत्येक टोक स्वतः तपासलं आणि पुढची पिन पुन्हा स्वतःच लावली. ट्रॅक्टर आता तेच चालवतात. आक्का माझ्याशी बोलते, पण कामापुरतं.

पाण्यात जायच्या आधी दाजी कापसाचा बोळा घेऊन तिन्ही तारांवरून फिरवतात. एखादा पेड तुटला असेल तर त्यात कापूस अडकतो. मी बाजूला उभा राहतो. त्या वेळी ते माझ्याकडं बघत नाहीत. मग ते बोळा खिशात टाकून "चल" म्हणतात, आणि आम्ही दोघं मिळून होडी ढकलतो.