वहिनींचा टेम्पो

माझ्या थोरल्या जाऊबाईंना आमच्या घरात सगळेच वहिनी म्हणतात. नवऱ्याचं ऐकून ऐकून मीही तेच म्हणायला लागले. लग्न होऊन त्या आल्या तेव्हा त्यांची बारावी झाली होती. मुलगी शाळेत जायला लागल्यावर शहापूरला कॉम्प्युटरचा क्लास केला. मग भाताची लावणी, झोडणी आणि उन्हाळ्यातली भेंडी, यात तो क्लास मागे पडला. मी ठाण्याला एका ऑफिसात हिशेबाचं काम करते, सुट्टीला गावी येते. आमचं गाव शहापूरहून मुरबाडकडे जाताना लागतं.

माझे थोरले दीर, म्हणजे दादा, भेंडी कल्याणच्या मार्केटला भाड्याच्या टेम्पोने पाठवायचे. टेम्पोवाला आज येतो म्हणायचा आणि उद्या यायचा. तोवर भेंडी निबर व्हायची, भाव पडायचा. त्या वर्षी दादांच्या मनाने घेतलं की आपला टेम्पो हवाच. कल्याणला एक जुनी, चांगली चाललेली गाडी त्यांना पसंत पडली. तिथल्याच एका एजंटने तीन लाखांचं कर्ज देऊ केलं. बारा टक्के व्याज, तीन वर्षं मुदत. महिन्याचा हप्ता अकरा हजारांच्या थोडा वर. सोमवारी सही करायची ठरलं.

रविवारी जेवणं झाल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या.

"तू ऑफिसात ज्याच्यात हिशेब करतंस ना, ते मला दाखव गो. चौकोनं असतात ते. क्लासला शिकवलेलं, पण आता इसरले."

मी त्यांच्या मोबाइलवर स्प्रेडशीट उघडून दिली. कर्जाचा हप्ता काढायला पीएमटी नावाचं फंक्शन असतं, त्यात आधी महिन्याचा व्याजदर, मग किती महिने, मग कर्जाची रक्कम, असं सांगितलं. त्यांनी एका बोटाने सावकाश सगळं भरलं. उत्तर आलं, त्याच्या आधी उणेचं चिन्ह होतं.

"उणे कशाला?"

"पैसे आपल्या हातून जातात ना, म्हणून. येतात ते अधिक, जातात ते उणे."

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या. पण त्यांचं लक्ष आकड्याकडे होतं. "एजंट अकरा हजारांच्या वर सांगतो. इथं तर दहासुद्धा नाय भरत. बारा टक्केच टाकलेत मी."

मला कारण माहीत होतं. ऑफिसात अशी प्रकरणं रोज डोळ्यांखालून जातात. पण दादांनी आधीच ठरवलेलं, त्यात धाकट्या सुनेने कशाला बोलायचं, म्हणून मी गप्प होते. आता वहिनींनीच विचारलं, तेव्हा दुसरं फंक्शन दाखवलं. हप्ता, महिने आणि रक्कम दिली की ते खरा व्याजदर सांगतं. वहिनींनी एजंटचा हप्ता घातला. महिन्याच्या दराला बाराने गुणलं. एकवीसच्या वर आलं.

एजंट व्याज धरत होता ते पूर्ण तीन लाखांवर, तिन्ही वर्षं. मधे अर्धे फेडले तरी व्याज पूर्ण रकमेचंच. मी हे समजावत होते तोच त्या म्हणाल्या, "म्हंजे खंडीभर भात उसनं घेतलं, अर्धं परत केलं, तरी वर द्यायची वाढी पुऱ्या खंडीचीच?"

"तसंच."

वहिनी मोबाइल घेऊन ओटीवर गेल्या. दादा तिथे सुपारी कातरत बसले होते. मी दारातच थांबले. वहिनींनी त्यांना आकडा दाखवला आणि जे मला विचारलं तेच भाताचं उदाहरण दिलं. दादांनी मोबाइल हातात घेऊन आकडा पाहिला.

"मग काय, टेम्पो नको म्हणतंस?"

"टेम्पो घ्यायचा. ह्या माणसाकडून नाय घ्यायचा."

"आणि यंदाची भेंडी? परत त्याच भाड्याच्या गाडीची वाट बघायची?"

दादा अडकित्ता ठेवून शेताकडे निघून गेले. ते रागावले की शेतावरच जातात. संध्याकाळी एजंटचा फोन आला तो वहिनींनी घेतला. आवाज न चढवता म्हणाल्या, "तुमचे बारा टक्के आमच्याकडं एकवीस दिसतात. कुठं चुकलं ते सांगा, मी दुरुस्त करते." पलीकडून तो म्हणाला, मॅडम, सगळे असंच देतात. "मग आमी थांबतो," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

ते थांबणं सोपं नव्हतं. दादा आठवडाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. त्या दिवसांत वहिनी मला अधूनमधून ऑफिसात फोन करायच्या. दर महिन्याला अमुक रक्कम टाकली तर वर्षाने किती जमेल, ते एफव्ही नावाच्या फंक्शनने कसं काढायचं? आणि एक लाख जमायला किती महिने लागतील, ते उलटं कसं विचारायचं? कर्ज कमीत कमी घ्यायचं, त्यासाठी आधी स्वतःचे पैसे उभे करायचे, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

मग एके दिवशी म्हणाल्या, "तुझं हे फंक्शन नोकरदारांचं हाय गो. दर महिन्याला सारखे पैसे धरतं. आमाला पावसात कोण पगार देतो?"

मी इतकी वर्षं ते वापरते, पण हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता, यायचं कारणही नव्हतं. वहिनींनी फंक्शन बाजूला ठेवलं आणि वर्षाचे बारा महिने एकाखाली एक मांडले. भेंडीच्या महिन्यांत जास्त शिल्लक, भात विकल्यावर थोडी, पावसाळ्यात शून्य. प्रत्येक महिन्याचं व्याज आधीच्या शिलकीवर. शेजारच्या रांगेत पुढे घ्यायच्या कर्जाचे हप्ते. पावसाळ्याचे हप्ते उन्हाळ्यातच वेगळ्या खात्यात बाजूला काढायचे, हेही त्यातच दिसत होतं. मी फक्त कंस कुठे चुकलाय तेवढं सांगितलं.

दुसऱ्या हंगामात भेंडीवर केवडा रोग पडला. पानं पिवळी झाली, बरीच झाडं उपटून टाकावी लागली. मला वाटलं, आता सगळं मोडलं. मी शनिवारी घरी गेले तर वहिनी पडवीत बसून त्या महिन्याचा आकडा बदलत होत्या. खालचे सगळे आकडे आपोआप सरकले. एक लाखाची ओळ पुढच्या फेब्रुवारीपर्यंत गेली.

दादा बाहेरून आले. पायांना चिखल तसाच होता. वहिनींच्या खांद्यावरून वाकून बघत त्यांनी विचारलं, "आता कधी गो?"

"फेब्रुवारी."

"वालाचे पैसे धरलेस?"

"नाय धरले. किती येतील?"

दादांनी अंदाज सांगितला. वहिनींनी तो भरला आणि ओळ एक महिना वर आली. दादा हसले, मग पाय धुवायला गेले. एजंटच्या त्या रविवारनंतर पैशांबद्दल ती दोघं पहिल्यांदाच अशी बोलत होती. मला तिथून हलावंसं वाटेना.

ठरल्याप्रमाणे जमलं. शहापूरच्या बँकेतल्या साहेबांनी वहिनींचा तक्ता मोबाइलवर पाहिला. पावसाळ्यातले हप्ते कुठून भराल, हाच त्यांचा पहिला प्रश्न होता. वहिनींनी ती रांग दाखवली. कर्ज दोन लाखांचं झालं आणि व्याज फेडत जाऊ तसं उतरत जाणारं. दादांनी नव्याने गाडी शोधली. ती आधीच्या गाडीपेक्षा थोडी जुनी होती, पण इंजिन चांगलं होतं. घरी आली तेव्हा सासूबाईंनी चाकाखाली लिंबं ठेवली आणि दादांनी पहिली फेरी वहिनींना शेजारी बसवून मुरबाडपर्यंत मारली.

पुढे बचत गटातल्या बायका वहिनींकडे यायला लागल्या. एका म्हातारीला म्हैस घ्यायची होती. वहिनींनी विचारलं, महिन्याला किती टाकशील? तिने सांगितलं. उत्तर आलं तसं म्हातारी म्हणाली, "तवर मी ऱ्हाईन का गो?"

"ते ह्याच्यात येत नाय, आजी. पण सुनेनं बी थोडे टाकले तर लवकर व्हईल." म्हातारीने सुनेला बोलावून आणलं. वहिनींनी दोघींना मोबाइल मधे धरायला लावून आकडे त्यांनाच भरायला लावले. त्या स्वतः कधी भरून देत नाहीत.

परवा मी घरी गेले तेव्हा नर्सिंगला जायचं म्हणणारी पुतणी पडवीत बसली होती. तिन्ही वर्षांची फी, हॉस्टेल, शैक्षणिक कर्ज, सगळं तिने मांडलं होतं. नोकरी लागल्यावरचे हप्तेसुद्धा. वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होत्या. मुलीने तिथूनच विचारलं, "आई, पहिला पगार किती धरू?"

"कमी धर," वहिनी म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली.