हिराजी भारी की परब?

बॉक्सिंग क्लबच्या डॉक्टरला किस्से शोधत फिरावं लागत नाही. नाकाला बर्फ लावून बसवलेला माणूस हमखास बोलतो, आणि खरंच बोलतो. आमचा क्लब मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर. दवाखाना माझा गोरेगावला, पण गेली पस्तीस वर्षं रविवारची सकाळ मी क्लबात काढते. तिथे चहाबरोबर एकच वाद चालतो. उपनगरांच्या स्पर्धेतला आजवरचा सगळ्यात भारी हेवीवेट कोण?

उमेदवार तीन. पहिले मढचे हिराजीमामा. स्वतःच्या होडीवर मासेमारी करायचे, आता सत्तरी ओलांडलीय. दुसरा मुलुंडचा सतीश परब, सरकारी ऑफिसात नोकरीला, माझ्याहून पाचेक वर्षांनी लहान. आणि तिसरा बोरिवलीचा निनाद, वय चोवीस, सध्याचा चॅम्पियन. प्रत्येकानं आपापल्या काळात सगळ्यांना लोळवलं, पण एकमेकांशी कुणीच खेळलं नाही. त्यामुळे वाद मिटायची सोयच नाही.

* * *

एकदा सगळ्यांनी मलाच विचारलं, "डॉक्टर, तुम्ही तिघांना तपासलंय. तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, "मला नाकं कळतात. हिराजीमामांचं दोनदा मोडलंय, परबचं एकदा, निनादचं अजून शाबूत आहे."

"म्हणजे मीच बेस्ट ना मॅडम," निनाद म्हणाला. "मला कोणी टचच करू शकलं नाही."

परब चहा ढवळत म्हणाला, "तुला टच करण्यासारखा अजून कोण भेटलाच नाही रे."

* * *

निनादच्या प्रत्येक लढतीचा व्हिडिओ त्याच्या फोनवर आहे. परबचा एकच आहे. तो त्याच्या मेहुण्यानं काढलेला, म्हणजे मेहुण्याच्या बायकोचाच जास्त आहे. मधूनमधून मागे परब दिसतो. हिराजीमामांचा काहीच नाही. ज्यांनी पाहिलं ते सांगतात, आणि दर वर्षी थोडं वाढवून सांगतात. मामांचा डावा हुक बसला की समोरचा दोन दिवस जेवत नसे, इथपर्यंत आता मजल गेलीय.

परब यावर फार चिडायचा. एकदा आमचे कोच पीटर सर शांतपणे म्हणाले, "सतीश, ज्याचा व्हिडिओ नाही, त्याला कोणी हरवू शकत नाही."

* * *

परबच्या चिडण्याला कारण होतं. तो एकवीस वर्षांचा असताना पहिल्यांदा फायनलला पोचला. समोर हिराजीमामा. मी तेव्हा क्लबात नवीन होते. सकाळी वजनाला परब आला, मामा आलेच नाहीत. होडी समुद्रात, इंजिन बंद पडलंय, असा निरोप आला. अर्धा तास वाट बघितली आणि रिकाम्या रिंगमध्ये रेफरीनं परबचा हात वर केला. लोकांनी टाळ्यासुद्धा धड वाजवल्या नाहीत.

मामांनी त्यानंतर खेळणंच सोडलं. परब पुढे पाच वर्षं जिंकला, पण तो पहिला कप त्यानं घरात कधी बाहेर मांडला नाही. त्याची बायको मला म्हणाली, "आमच्याकडे तो कपाटात आहे, चादरींच्या मागे. मी एकदा पुसायला काढला तर हे दिवसभर बोलले नाहीत."

* * *

चौपन्नाव्या वर्षी परबनं ठरवलं, मामांशी नाही तर निदान निनादशी तरी तीन राउंड खेळायचंच. मी तपासलं आणि सरळ नाही म्हणून सांगितलं. पुढच्या रविवारी पठ्ठ्या दुसऱ्या डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट घेऊन हजर. मी लेटरहेड वाचलं. त्वचारोगतज्ज्ञ.

"परब, हे स्किनचे डॉक्टर आहेत."

"मग? मार कुठे बसतो? स्किनवरच ना?"

मी कागद फाडला. महिनाभर तो क्लबात फिरकला नाही. मग आला, आणि बसायचंच नाव घेईना. खिडकीपासून रिंगपर्यंत, रिंगपासून खिडकीपर्यंत नुसत्या येरझाऱ्या. पीटर सर वैतागून म्हणाले, "बाबा रे, एक तर आत जा नाही तर घरी जा."

* * *

मागच्या वर्षी हिराजीमामांना त्यांची मुलगी माझ्या दवाखान्यात घेऊन आली. उजवा हात थरथरत होता. मी वार विचारला, चुकला. नातवाचं नाव विचारलं, आठवेना. मग सहज विचारलं, "मामा, परब आठवतो का?"

"आठवतो तर. डावखुरा."

"त्या फायनलला तुमचं इंजिन बंद पडलं होतं, ना?"

मामांनी दाराकडे बघितलं. मुलगी औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेर गेली होती. मग म्हणाले, "इंजिन चालू होतं, बाय. सेमीफायनलला त्या पोराचा डावा हात बघितला मी. मना भ्या वाटलं. कोणाला बोलू नको."

खरं की आजारात मनानं रचलेलं, मला आजही ठाऊक नाही. डॉक्टरनं पेशंटचं बाहेर बोलायचं नसतं, हे मात्र पक्कं ठाऊक होतं. तरी पंधरा दिवस चैन पडेना. शेवटी एका रविवारी जिन्यात परबला गाठून मी सांगून टाकलं.

वाटलं होतं, उडी मारेल. त्यानं कठड्याला धरलं, दोन पायऱ्या उतरला, परत वर आला.

"आणखी कोणाला सांगितलंत?"

"नाही."

"सांगू नका," एवढंच म्हणून तो गेला. मी घरी येऊन स्वतःवरच चरफडत बसले.

* * *

यंदा क्लबच्या वर्धापनदिनाला सकाळी जुन्या विजेत्यांचा सत्कार ठेवला होता. हॉल भरलेला. मढहून निम्मी आळी आली होती, मामांचे नातू पहिल्या रांगेत. शाली झाल्या, नारळ झाले. मग निनाद म्हणाला, "मामा आणि परब काका, फोटोसाठी एकदा ग्लोव्हज घालून रिंगमध्ये उभे राहा ना."

पीटर सर रेफरी म्हणून मधे उभे राहिले. मामांचा तोल जाऊ नये म्हणून एक हात त्यांच्या पाठीशी. मामांनी गार्ड वर घेतला. हात थरथरतच होता. परब समोर वाकून उभा. फोटो निघाले. लोक खाली बसायला लागले आणि मामांचा डावा हात हळूच पुढे आला. परबच्या हनुवटीला जेमतेम लागला. झोपलेलं मूलही त्यानं जागं झालं नसतं.

परब गुडघ्यात वाकला, मग बसला, मग सरळ आडवा झाला.

मला वाटलं, अटॅक. बॅग घेऊन मी दोऱ्यांखालून आत शिरले. पीटर सरांना काही सुचलं नाही की सवयच तशी, कोण जाणे, त्यांनी बोटं वर करून दहापर्यंत मोजायला सुरुवात केली. पहिल्या रांगेतले नातू त्यांच्याबरोबर ओरडून मोजू लागले. मी परबचं मनगट धरलं, वाकून विचारलं, "परब, छातीत दुखतंय का?"

त्यानं डोळे उघडले नाहीत. ओठ जेमतेम हलवून म्हणाला,

"डॉक्टर, बाजूला सरा. अजून आठच झालेत."