खडीवर झिजलेला अंगठा

घर घेण्याआधी कागद तपासून द्या म्हणून लोक अजून माझ्याकडे येतात. मी कागद नंतर बघतो. आधी विचारतो, यात ज्यांची नावं आहेत ती माणसं तुम्ही स्वतः पाहिलीत का? लोक हसतात, म्हातारा संशयी आहे म्हणतात. म्हणोत बापडे.

दुष्काळाचं साल होतं. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात मी फौजदार होतो. सकाळची हजेरी आटोपली आणि पस्तिशीची एक विधवा बाई दारात येऊन उभी राहिली. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिला बाहेर काढलं. ती माहेरी आली, तर घरात परकी माणसं. बापामागे घरावर तिचं आणि भावाचं अशी दोन्ही नावं लागली होती. भावाने घर परस्पर विकलं, असं तिचं म्हणणं. दुसरा आसरा तिला नव्हता.

मी हवालदाराला रजिस्ट्रार कचेरीत पिटाळलं. तिथे तिचं हक्कसोडपत्र निघालं. खाली अंगठा, ओळख पटवणारे दोन साक्षीदार, सगळं जागच्या जागी. बहिणी साडीचोळीवर हक्क सोडतात आणि मागून पस्तावतात, हे मी खूपदा पाहिलेलं. तिला फटकारलं, की अंगठा देताना विचार करायचा होता.

"म्या दिलाच न्हाई, सायेब," ती म्हणाली आणि अंगठा माझ्यापुढे धरला.

मी फायलीतून मान वर केली नाही. ती निघून गेली.

पाच महिन्यांनी एका खबऱ्याने बातमी आणली. त्या दोन साक्षीदारांपैकी एकाचं भावाशी भांडण झालं होतं, आणि तो चहाच्या हॉटेलात बरळत होता, की पदर ओढून अंगठा देणारी बहीण नव्हतीच, भावाची बायको होती. मी गुन्हा नोंदवला आणि बाईचा शोध घेतला. ठाण्यातून गेल्यापासून ती दुष्काळी कामावर खडी फोडत होती. हक्कसोडपत्रावरच्या अंगठ्याशी ताडायला तिच्या अंगठ्याचा ठसा पुण्याला तज्ज्ञांकडे पाठवला. उत्तर आलं, रेषा झिजल्या आहेत, ठसा वाचता येत नाही. महिनाभर काम थांबवून पुन्हा पाठवा. तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "बसून खाऊ काय, सायेब?"

घर घेणारे कारखान्यातून रिटायर झालेले सज्जन गृहस्थ होते. आठ दिवस त्यांनी दफ्तर चाळलं होतं. बहिणीचं नाव दिसलं म्हणून हक्कसोडपत्राचा आग्रह त्यांनीच धरला होता. बहिणीचं सासर तिथून सहा मैलांवर. "तेवढं जायचं राहिलं हो," ते म्हणाले. फसले तेही.

भाऊ पक्का निघाला. अंगठा बहिणीचा नाही हे सिद्ध करा, एवढाच त्याचा हेका. घराचे पैसे त्याने विहिरीत घातले होते आणि पाणी लागलं नव्हतं. त्याची बायकोही खडीच फोडत होती. तिचा अंगठाही तसाच गुळगुळीत. हॉटेलात बरळणाऱ्या साक्षीदाराने ठाण्यात येताच कानांवर हात ठेवले. मी हरलोच होतो. जबाबासाठी दोघी नणंदा-भावजयांना समोरासमोर बसवलं. भावजयीची नजर नणंदेच्या फुटलेल्या हातांवर गेली.

"त्यो अंगठा माजा हाय," ती म्हणाली. "मालकांनी नेलं, मी गेले."

भावजयीला हुंदका आला तेव्हा नणंदेने आपला पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.

पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही. मी तिला मॅजिस्ट्रेटपुढे नेलं, तिथेही ती फिरली नाही. नवरा-बायको दोघांना शिक्षा झाली. घराचा दिवाणी दावा मात्र वर्षानुवर्षं चालला. माझी बदली झाली. निकाल बाईच्या बाजूने लागला, तिचं नाव घराला पुन्हा लागलं, असं मागून कळलं. पण घराच्या ताब्याची नोटीस घेऊन गेलेला कोर्टाचा बेलीफ हात हलवत परत आला. ती ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेली होती, ती परतलीच नाही. मीही खूप चौकशी केली. काही पत्ता लागला नाही.

कागद खोटा असेल तर तो कधी ना कधी पकडता येतो. माणसाकडे वेळेवर बघितलं नाही, तर त्याला इलाज नाही, हे मी त्या बाईमुळे शिकलो. फार महागात शिकलो, आणि किंमत तिने भरली.

त्या सकाळी तिने अंगठा पुढे धरला तेव्हा त्यावरच्या रेषा शाबूत होत्या. ठशाची शाई माझ्या टेबलावरच होती.