उजव्या डोळ्याची संमती

"कॅन्सर आहे, बराच पसरलेला," असं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी शिंक आवरत होतो. मॅक्सिलरी सायनस म्हणजे गालाच्या हाडातली, नाकाला जोडलेली पोकळी. माझ्या उजव्या पोकळीतली गाठ डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोचली होती.

कर्नाटकातल्या आळंदला माझी तुरीची अडत, म्हणजे दलालीचं दुकान. सुगीत तिथं कुणाचं नाक गळत नाही? माझं एकाच बाजूनं गळायचं, रुमालावर रक्ताचा डागही पडायचा. मी तुरीच्या धुळीला बोल लावला. मग वरची दाढ हलायला लागली, ती उपटून घेतली. जखम भरेचना, तेव्हा कुठं तपासणी झाली. तुम्ही एवढं थांबू नका.

ऑपरेशन मॅक्सिलेक्टमीचं, म्हणजे त्या बाजूचा वरचा जबडा काढायचा. "डोळा वाचवायला बघू. पण गाठ आत शिरली असली तर काढावा लागेल. उघडल्यावरच कळेल," डॉक्टर म्हणाले. माल न बघता मी कधी सौदा केला नव्हता. संमतीपत्रावर सही मात्र तशीच केली.

आम्ही बसवण्णांना मानणारे लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग रोज डाव्या तळहातावर घेऊन एकटक पाहायचं. माझं लक्ष उडायचं अन् बायकोचा टोमणा ठरलेला, "एक डोळा लिंगाकडं, एक दाराकडं!"

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टरनं ते गळ्यातून काढायला सांगितलं. बायको म्हणाली, "न्हाई निघत ते. मेल्यावरबी संगच जातंय." बोलून तिनं जीभ चावली. शेवटी मीच ते काढून तिच्या हातावर ठेवलं. दिवसभर तिनं मूठ उघडली नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा तोंडात पट्ट्यांचं पॅकिंग, बोलता येईना. तिनं लिंग माझ्या तळहातावर ठेवलं. "दिसायलाय का?" मी मानेनं हो म्हटलं. "आता डाव्यानंच बघायचं," म्हणाली अन् रडली. मीही रडलो.

पुढं रेडिएशन झालं. जबडा काढल्यानं तोंडात टाळूला पडलेल्या भोकाला ऑब्च्युरेटर, म्हणजे कवळीसारखं झाकण बसवलं. ते नसलं की पाणी नाकातून येतं. याची सवय झाली. घरात मात्र सगळे माझ्याशी हळू बोलायला लागले. बायकोचा टोमणा बंद झाला. ते मला डोळ्यापेक्षा जास्त लागलं.

परवाच्या सुगीत मी पूजेला बसलो असताना बाहेर ट्रॅक्टर थांबला. मान आपोआप वळली.

"एकच ऱ्हायलाय, त्यो तरी लिंगाकडं ठेवा की!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

इतका हसलो की झाकण निसटलं. डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण मी बरा झालो, तो त्या सकाळी.